अंगणातील बाग : अवजारे किती, कोणती आणि कशासाठी?

मृगाच्या सरी कोसळून गेल्या की गोंदियातील मोकळ्या जागांचा रंग आठ-दहा दिवसांत पालटतो. वैशाखात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात भाजून निघालेली, भेगाळलेली जमीन आषाढ लागण्यापूर्वीच हिरवी होते. आमचा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. वर्षाकाठी सव्वाशे सेंटिमीटरहून अधिक पाऊस येथे पडतो आणि त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. याच दिवसांत अनेकांच्या मनात बागेची हौस जागी होते. निवृत्त माणसाच्या मनात तर ती हमखास होते. माझ्याही मनात झाली. घरापुढची वीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद जागा, मागे छोटीशी परसबाग, हाताशी भरपूर वेळ आणि खिशात नुकतेच मिळालेले निवृत्तीचे पैसे, एवढ्या भांडवलावर मी बाजारात गेलो आणि पुष्कळसे चुकीचे सामान घेऊन परतलो. त्या चुकीचा जमाखर्च नव्याने बाग करू पाहणाऱ्या वाचकांच्या उपयोगी पडावा, म्हणून हा लेखप्रपंच.

सांगली, कोल्हापूर, बेळगाव या भागांतील आपले मराठीभाषक जैन बांधव पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत आले आहेत. त्यांच्या घरी खुरपे ताट-वाटीइतकेच ओळखीचे असते. त्यांना या लेखातून नवीन काही मिळण्याजोगे नाही. पूर्व विदर्भातील आपली घरे मात्र बहुधा दुकानदारी, दलाली आणि नोकरीची. हातात वही-पेन आले, तराजू आला. फावडे आले नाही. त्यामुळे साठीनंतर माती हाती घेणाऱ्याला पहिल्या इयत्तेपासूनच सुरुवात करावी लागते.

खरेदीची पहिली चूक

बँकेत कर्जाचा अर्ज समोर आला की पहिला प्रश्न असे : कर्ज कशासाठी? रक्कम, मुदत, तारण हे सारे त्यानंतर. हा प्रश्न विचारण्यात माझे उभे आयुष्य गेले. स्वतःच्या खरेदीच्या वेळी मात्र तो मी स्वतःला विचारला नाही. दुकानात जाऊन “बाग करायची आहे” एवढेच सांगितले. दुकानदाराने खोक्यावरची रंगीत चित्रे दाखविली आणि मी एकोणीस लहानमोठी अवजारे व विजेवर चालणारे गवत कापणी यंत्र, ज्याला सर्वजण लॉनमोव्हर म्हणतात, असे सर्व एकदम घेऊन आलो.

वर्षअखेरीस मी त्या एकोणीस अवजारांची झडती घेतली. कर्जाचा हप्ता किंवा व्याज नव्वद दिवसांहून अधिक काळ थकले की ते खाते अनुत्पादक ठरते, हा बँकेतला सर्वपरिचित नियम. तोच नियम मी अवजारांना लावला. नव्वद दिवसांत ज्याला हात लागला नाही, ते अनुत्पादक. पीककर्जाला जशी हंगामांच्या हिशेबाने सवलत असते, तशी सवलत मी खड्डे खणण्याच्या सब्बलीला दिली, कारण ती वर्षातून एकदोनदाच लागते. एवढी सवलत देऊनही हिशेबात सात अवजारेच उत्पादक निघाली. बाकीची बारा कोठीत गंजत होती. एक नळी लावण्याचे फिरते चाक, तीन आकारांच्या खुरप्या, कडा कापण्याचे अर्धगोल पाते, बटाटे उपटण्याजोगा चार दातांचा जड काटा. ज्या घरात कंदमूळ शिजत नाही, त्या घरात बटाट्याच्या काट्याचे काय काम, हा विचार तो विकत घेताना मला सुचला नाही.

पैशांचे नुकसान तसे फार नव्हते. खरे नुकसान लॉनमोव्हरने केले.

आषाढातील एक सकाळ

त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे सामायिकाला बसलो होतो. सामायिकापूर्वी आपण इरियावहियं म्हणतो. जाता-येता पायाखाली आलेल्या जीवांची त्यात क्षमा मागितलेली आहे, आणि कोणकोणत्या गोष्टींवर पाय पडला असेल त्याची यादी आहे : बीज, हिरवी वनस्पती, दव, मुंग्यांची वारुळे, शेवाळ, ओली माती, कोळ्याची जाळी. कितीतरी वर्षे मी हे पाठ म्हणत आलो; ही पावसाळ्यातील गवताची तंतोतंत यादी आहे, हे मात्र ध्यानात आले नव्हते.

तासाभराने पाऊस थांबला. चार दिवसांच्या झडीत गवत वीतभर वाढले होते, आणि दुपारी पाहुणे यावयाचे होते. मी यंत्र सुरू केले. दुसऱ्याच पट्ट्यात पात्याचा आवाज बदलला. यंत्र बंद करून तिरपे केले तेव्हा खाली एक मोठा बेडूक होता. त्याचे वर्णन करीत नाही.

माझ्या पत्नीने ओसरीवरून पाहिले. ती रागावली नाही. “तुम्हाला एवढी घाई कशाची होती?” इतकेच विचारून ती आत गेली. पाहुण्यांना कापलेले गवत दाखवायचे होते, याखेरीज माझ्याजवळ उत्तर नव्हते. एकेंद्रिय गवत समतल दिसावे म्हणून पंचेंद्रिय जीव गेला होता. त्या सायंकाळच्या प्रतिक्रमणात मन इतर कशावर ठरले नाही. यंत्र दीड महिना कोठीत पडून राहिले.

अर्थ आणि अनर्थ

त्या दीड महिन्यात मी अनर्थदंडविरमण व्रताविषयी जे वाचले, त्यावरच पुढील सर्व निवड उभी आहे. म्हणून ते थोडक्यात सांगतो. श्रावकाच्या बारा व्रतांपैकी हे एक गुणव्रत. गृहस्थाला घर चालवायचे असते. त्यात जमीन खणणे, पाणी वापरणे, अग्नी पेटविणे, वनस्पती तोडणे हे आरंभ घडतातच. साधूंप्रमाणे ते सर्वस्वी टाळणे त्याला शक्य नसते. परंतु ज्या आरंभाला काही प्रयोजनच नाही, तो त्याने टाळावा, हे या व्रताचे मर्म.

आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील प्रमादचर्येत विनाकारण माती खणणे, पाणी सांडणे, आग पेटविणे, वारा घालणे आणि निष्फळ वनस्पती तोडणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. हिंसादानात इतरांना देऊ नयेत अशा हिंसेच्या साधनांमध्ये परशू आणि तलवार यांच्याच रांगेत खनित्र, म्हणजे खणण्याचे अवजार, गणले आहे. श्वेतांबर परंपरेच्या वंदित्तु सूत्रातही शस्त्र, अग्नी, मुसळ, यंत्र इत्यादी दिल्या-देवविल्याबद्दल आलोचना आहे. म्हणजे कुदळ-फावड्याचा विचार आपल्या पूर्वाचार्यांनी फार बारकाईने करून ठेवला आहे.

याचा अर्थ बाग करूच नये, असा मी घेत नाही. घराला सावली हवी, ताजी भाजी हवी, नातवंडांना मातीचा स्पर्श हवा, ही प्रयोजने खरी आहेत. परंतु प्रयोजन आधी ठरावे आणि अवजार त्यानंतर यावे. मी उलटे केले. यंत्र आधी आणले आणि मग यंत्राला काम पाहिजे म्हणून गवत वाढविले.

आधी काम, मग अवजार

म्हणून नव्या बागकरूने दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर दोन रकाने आखावेत. डावीकडे, येत्या वर्षभरात बागेत प्रत्यक्ष कोणती कामे करायची ते लिहावे. उजवीकडे त्या कामाला घरात आधीच काय आहे ते लिहावे. जुना चाकू, बादली, पोते, नारळाची केरसुणी ही सर्व बागेची अवजारे आहेत. दोन्ही रकाने भरल्यावर जे उरेल तेवढेच विकत घ्यावे, आणि तेही लागेल तेव्हा, एकेक करून.

दुसरा प्रश्न मातीचा. आमच्या भागात मातीला शेतकऱ्यांनी दिलेली नेमकी नावे आहेत. कन्हार ही काळी व भारी. पावसात चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मोरांड तिच्याहून हलकी. सिहार रेताड, धानाला मानवणारी. बर्डी लालसर, खडे-मुरमाची. अंगणातली माती कोणती, हे जवळच्या एखाद्या शेतकऱ्याला विचारावे. मूठभर माती हातात घेताच तो सांगेल. बर्डीत कुदळ आणि सब्बल यांच्यावाचून खड्डा होत नाही. सिहारीत साध्या फावड्यानेही भागते. कन्हार ओली असताना तिला हात लावू नये. ती अवजाराला लोंबते, आणि तुडविली गेली की वाळून विटेसारखी होते. पाऊस उघडून दोन दिवस झाल्यावर, मातीचा गोळा बोटाने दाबताच फुटू लागला म्हणजे काम करावे.

सात अवजारे

माझ्या झडतीत टिकून राहिलेली सात अवजारे अशी.

खुरपे पहिले. बागेतील निम्मी कामे त्यानेच होतात. बाजारात चकचकीत रंग दिलेल्या पत्र्याच्या खुरप्या मिळतात. त्यांची मान दुसऱ्या पावसाळ्यात वाकते. आठवडी बाजारात लोहार जे ठोकून घडविलेले खुरपे विकतो, ते दिसायला ओबडधोबड, पण पात्याचा दांडा मुठीत आरपार गेलेला असतो. पाते फरशीवर आपटून पाहावे. घणघणीत नाद आला तर लोखंड चांगले. मूठ आपल्या मुठीत पूर्ण बसावी. खुरपे घेऊन बसताना खाली दुमडलेले पोते घ्यावे. गुडघे आपले, आणि ते बदलून मिळत नाहीत.

दुसरे फावडे. परदेशी पुस्तकांतील बागकरू पायाने दाबायची सरळ कुदळवजा स्पेड वापरतो. तिला जाड तळाचे बूट लागतात. आपल्याकडे चप्पल घालून किंवा अनवाणी काम करण्याची रीत, म्हणून आपले फावडे उचलून मारण्याचे आणि अंगाकडे ओढण्याचे. तेच घ्यावे, मात्र पाते लहान घ्यावे. मजुराचे मोठे फावडे साठीच्या माणसाच्या कमरेला झेपत नाही. दांडा विकत घेताना त्याच्या लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने सरळ गेलेल्या आहेत ना, ते पाहावे; रेषा आडव्या कापल्या गेलेल्या असतील किंवा गाठ असेल तर दांडा तेथेच मोडतो. दांडा ज्या नेढ्यात बसतो तेथे पाचर घट्ट हवी. सैल पाते उडून कोणाला लागण्याचा संभव असतो.

तिसरा हातकाटा, तीन दातांचा. कुंडीतील आणि वाफ्यातील माती भुसभुशीत करण्यासाठी मी खुरप्यापेक्षा हाच वापरतो. गांडूळ हा बेइंद्रिय जीव. खुरप्याच्या धारेने तो सहज चिरला जातो, काट्याच्या दातांमधून बहुधा निसटतो. शिवाय गांडूळ मातीत राहिला तर माती भुसभुशीत करण्याचे काम तोच करतो.

चौथे सिकेटर, फांद्या छाटण्याची कातरी. यात दोन प्रकार. एकात दोन पाती कात्रीसारखी एकमेकींना घासून जातात. दुसऱ्यात एक पाते सपाट पट्टीवर दाबले जाते. ओल्या, जिवंत फांदीसाठी पहिला प्रकार घ्यावा, कारण दुसरा साल चेंगरतो. बोटाहून जाड फांदी सिकेटरने कापू नये. रोगट झाड छाटल्यावर पाते स्पिरिटने पुसावे, नाहीतर रोग पुढच्या झाडाला जातो.

पाचवी झारी. नळीच्या धारेने रोपाच्या मुळाची माती वाहून जाते आणि पाणी किती गेले याचा हिशेब राहत नाही. झारीत तो राहतो. आमच्याकडे झारी गाळलेल्या पाण्याने भरतात. झारीच्या तोंडाची भोकेही त्यामुळे तुंबत नाहीत.

सहावे दाताळे, पालापाचोळा ओढण्यासाठी. बांबूचे हलके मिळाले तर उत्तम. लोखंडी दाताळे गवताची मुळे ओरबाडते. सातवे घमेले. इतकीच सामग्री. सब्बल आणि मोठी कुदळ वर्षातून एकदोनदा लागतात; त्या खड्डे करणाऱ्या मजुराजवळ असतातच.

हिरवळ आणि तिचे यंत्र

आता लॉनमोव्हर. हे यंत्र एडविन बडिंग या इंग्रज कारागिराचे. १८३० साली त्याने त्याचे एकाधिकारपत्र घेतले. इंग्लंडातील स्ट्राउडजवळच्या कापड गिरण्यांच्या परिसरात तो काम करी. लोकरी कापडावरची लव कातरून पृष्ठभाग एकसारखा करण्याचे दंडगोल पात्यांचे यंत्र तेथे असे. तीच युक्ती त्याने गवताला लावली. कापडाच्या व्यापारात आयुष्य घालविलेल्या आपल्या कित्येक वाचकांना ही गोष्ट गमतीची वाटेल. हिरवळीला अंथरलेल्या वस्त्राची उपमा आपण सहज देतो. तिचे यंत्र खरोखरच वस्त्राच्या यंत्रावरून बेतलेले आहे.

परंतु इंग्लंडात पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो आणि ऊन सौम्य असते. गोंदियात चार महिने गवत आवरत नाही आणि वैशाखात ते जगत नाही. उन्हाळ्यात हिरवळ राखायची तर पिण्याजोगे पाणी रोज ओतावे लागते. आणि गवत जेव्हा सर्वांत जोमाने वाढते, तो काळ नेमका चातुर्मासाचा. सूक्ष्म जीवांची उत्पत्ती सर्वाधिक म्हणून साधू-साध्वी ज्या काळात विहारसुद्धा थांबवितात, त्याच काळात यंत्र सर्वाधिक चालवावे लागते. हा पेच कोणत्याही कंपनीच्या यंत्राने सुटत नाही. तो हिरवळीचा आकार कमी करूनच सुटतो.

थोडा हिशेब करून पाहू. तीनशे चौरस फुटांची हिरवळ पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, म्हणजे सोळा वेळा, आणि उरलेल्या आठ महिन्यांत दहा वेळा कापावी लागेल असे धरा. दर वेळी पंधरा मिनिटे. वर्षाचे साडेसहा तास झाले. यंत्र नऊ हजारांना घेतले आणि दहा वर्षे टिकले असे समजा, तर पासष्ट तासांसाठी नऊ हजार. म्हणजे तासाला सुमारे १३८ रुपये, शिवाय वीज, पाते आणि दुरुस्ती निराळी. असा कर्जप्रस्ताव माझ्यापुढे आला असता तर मी तो परत पाठविला असता.

मी हिरवळ बारा फूट बाय दहा फूट एवढीच ठेवली. उरलेल्या जागेत एक पारिजातक, एक कढीपत्ता, दोन भाजीचे वाफे आणि पायवाट आली. नातवंडांना लोळायला आणि संध्याकाळी दोन खुर्च्या टाकायला एकशेवीस चौरस फूट पुरतात. ज्यांची हिरवळ याहूनही लहान आहे, त्यांना यंत्राची गरजच नाही. कुंपण कापायची लांब कातरी पुरेशी होते.

यंत्र घ्यायचेच असेल तर प्रकार समजून घ्यावेत. हाताने ढकलायच्या यंत्रात सर्पिल पाती एका स्थिर पट्टीला घासत फिरतात आणि गवत कात्रीसारखे कापतात. त्याला वीज लागत नाही, पेट्रोल लागत नाही, आणि आपण थांबलो की तेही जागीच थांबते. तीन इंचांहून उंच गवत मात्र ते कापीत नाही, नुसते वाकविते. म्हणून गवत वेळच्या वेळी कापावे लागते. विजेच्या आणि पेट्रोलच्या यंत्रांत एकच आडवे पाते मिनिटाला काही हजार फेऱ्यांनी फिरून गवताला फटका मारते. उंच गवताला ती जुमानत नाहीत, पण पात्याखाली काय आहे ते चालविणाऱ्याला दिसत नाही. पेट्रोलचे यंत्र क्रीडांगणांना आणि मोठ्या संस्थांना शोभते. घरगुती अंगणात त्याचा धूर आणि आवाज शेजाऱ्यांनाही सोसावा लागतो. वायरवाले विजेचे यंत्र घेणाऱ्याने जोडणी आरसीसीबीतूनच घ्यावी, ओल्या गवतावर ते कधीही चालवू नये, आणि पात्याला हात लावण्यापूर्वी प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवावा. माझे मत घरासाठी हाताने ढकलायच्या बारा-चौदा इंची यंत्राला आहे. घेताना एक वर्तमानपत्राचा तुकडा पात्यात धरून चाक हाताने हळू फिरवावे; कागद पट्टीच्या सर्व रुंदीभर स्वच्छ कापला गेला तर पाती नीट बसली आहेत.

गवताचा एक साधा नियम आहे. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापू नये. अधिक कापले तर मुळे दुबळी होतात आणि उन्हात गवत पिवळे पडते. हरळीच्या जातीचे गवत हिवाळ्यात दीड इंचावर राखावे, उन्हाळ्यात त्याहून उंच ठेवावे. त्याची सावली त्याच्याच मुळांना मिळते.

चातुर्मासातील नियम

कोणतेही पाते अहिंसक नसते. हाताचे यंत्र घेतले म्हणून मी निर्दोष झालो, असे मी मानीत नाही. जयणा ही यंत्रात नसते. ती यंत्र सुरू करण्यापूर्वीच्या दहा मिनिटांत असते. आमच्या घरी आता हे नियम पाळले जातात. चातुर्मासात कापणी पंधरा दिवसांतून एकदाच, आणि गवत अडीच इंचांवर. पर्वतिथींना आणि पर्युषण-दशलक्षणाच्या दिवसांत अजिबात नाही. मधल्या काळात गवत फारच उंच झाले तर वरचे शेंडे कातरीने उतरवितो, यंत्र नंतर. कापणी सकाळी किंवा संध्याकाळी नाही; दव वाळल्यावर, भर उजेडात, कारण बेडूक ओलाव्यात आणि अंधारात बाहेर पडतात. आधी मऊ केरसुणीने गवत हलकेच झटकीत एक फेरी मारायची. मग कापणीला मध्यापासून सुरुवात करून बाहेरच्या कडेकडे यायचे. कडेपासून आत गेले तर उरलेले जीव मध्यभागी कोंडले जातात. मधून बाहेर आले तर त्यांना पळायला वाट राहते. कडेची फूटभर पट्टी वर्षभर न कापता सोडलेली आहे. पाहुण्यांपैकी एखादा ती पट्टी राहून गेल्याचे सांगतो. ती राहून गेलेली नाही, ठेवलेली आहे, हे आम्ही त्याला समजावितो.

मागणे आणि देणे

अवजार घेतले की ते मागायला शेजारी येतात. येथे एक अडचण आहे. एका गल्लीत चार घरांनी चार यंत्रे घेणे हा उघड परिग्रह. आणि मागेल त्याला यंत्र देत सुटणे हे हिंसादानाच्या सीमेवरचे. शास्त्रार्थ करण्याचा माझा अधिकार नाही. तो निर्णय वाचकांनी आपल्या साधू-साध्वींना विचारून घ्यावा. व्यवहारात मी इतकेच करतो : अवजार देताना कशासाठी हवे ते विचारतो. बँकेतला जुना प्रश्न, पण आता योग्य जागी. झाडाला आळे करायचे असेल तर फावडे देतो. वारूळ उकरायचे असेल तर देत नाही, तसे स्पष्ट सांगतो, आणि वारुळाला वळसा घालून वाफा कसा करता येईल ते जाऊन दाखवितो. आजवर त्यावरून कोणी दुखावले गेले नाही.

मजुराकडून काम करवून घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. आपल्याकडे कामाला येणारा माणूस बहुधा अनवाणी किंवा रबरी चप्पल घालून येतो. त्याच्या हातात फिरत्या पात्याचे यंत्र देणारा मालक त्याच्या पायांनाही जबाबदार असतो. लॉनमोव्हर घ्यायला पैसे आहेत, तर एक जोड जाड बुटांनाही असावेत. गवतातल्या किड्याची जयणा करून माणसाच्या अंगठ्याची न करणे, याला धर्म म्हणता येणार नाही.

निगा

अवजार जितके टिकेल तितके नवे घ्यावे लागत नाही. काम संपले की माती खरवडून, कोरड्या फडक्याने पुसून ठेवावे. एका जुन्या बादलीत कोरडी रेती भरून त्यात थोडे खाद्यतेल मिसळावे. खुरपे, काटा त्यात दोन-चारदा खुपसून काढले की पाते घासलेही जाते आणि तेलाचा हातही फिरतो. पावसाळ्यापूर्वी लाकडी दांड्यांना जवसाचे तेल चोळावे. आपल्याकडे जवस पिकतेच. मात्र त्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उन्हात पसरून वाळवावीत. धार कानशीने एकाच दिशेने द्यावी. बोथट पाते गवत कापीत नाही, ओरबाडते. टोके तपकिरी पडतात आणि कामाला दुप्पट वेळ लागतो.

माझे विजेचे यंत्र एका शाळेला दिले. त्यांचे पटांगण मोठे आहे. देताना वापराचे नियम एका कागदावर लिहून दिले. त्यांतला पहिला नियम केरसुणीचा. बारा अनुत्पादक अवजारांपैकी आठ लोहाराने मोडीच्या भावाने घेतली. त्या पैशांत त्याच्याकडूनच एक नवे खुरपे घडवून घेतले, पत्नीच्या हाताच्या मापाचे. भाजीचे वाफे आता तिच्याकडे आहेत.

यंदाही मृगाची सर येऊन गेली. कडेच्या न कापलेल्या पट्टीत रात्री बेडूक ओरडतात. सकाळी सामायिकाला बसताना तो आवाज आत ऐकू येतो, आणि इरियावहियंमधील ती यादी आता पाठ म्हणून म्हटली जात नाही. नव्याने बाग करणाऱ्या बंधू-भगिनींनी बाजाराची वाट धरण्यापूर्वी एक पावसाळाभर आपल्या अंगणात नुसते फिरावे, तेथे कोण कोण राहते ते पाहावे, आणि मग दोन रकान्यांचा कागद हाती घ्यावा. माझ्या हातून जे घडले, त्याबद्दल मिच्छामि दुक्कडम्.